‘सेटलमेंट’ झालं, पण कर्ज फिटलं का?



आपल्या वस्त्यांमध्ये गेल्या काही वर्षांत एक शब्द घराघरांत शिरलाय, ‘सेटलमेंट’. बचत गटाच्या बैठकीत, विहाराच्या ओट्यावर, वाळूजला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो ऐकू येतो. ‘दोन लाखांचं सव्वा लाखात मिटवलं,’ असं कुणी सांगतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, याने बाजी मारली. हप्ता लहान करून मिळाला, लोक अदालतीत तडजोड झाली, बँकेने एकरकमी परतफेड योजनेत सूट दिली, या सगळ्याला आपण एकच नाव देतो, ‘मिटलं’. माझं म्हणणं असं की यातलं बरंचसं मिटत नाही. त्याची किंमत फक्त दुसऱ्या खात्यावर चढते. ती किंमत सहीच्या कागदावर छापलेली नसते, आणि ती सर्वांत जास्त मोजतो तो पहिल्यांदा शिकून नोकरीच्या दारात उभा राहिलेला आपला मुलगा किंवा मुलगी.

छत्रपती संभाजीनगरात मी महिलांच्या बचत गटांसोबत काम करते. कर्जाचे कागद घेऊन बायका येतात, ‘ताई, एवढं वाचून सांगा’ म्हणतात. पण या विषयाकडे मी वळले ते माझ्या आत्याच्या घरामुळे.

मामा वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. त्यांच्या मुलीने, माझ्या आतेबहिणीने, शिक्षणासाठी कर्ज काढलं होतं. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, पण कर्जदार विद्यार्थी स्वतः असतो आणि आई-बाप सहकर्जदार. शिक्षण संपलं आणि लॉकडाऊन लागला. मामांचं काम सुटलं, हप्ते थांबले. २०२१ मध्ये थकीत रक्कम व्याजासह २ लाख ४० हजारांवर गेली, तेव्हा बँकेने सूट देऊ केली. दीड लाख एकरकमी भरा, विषय संपला. घरात आनंद झाला. नव्वद हजार वाचले! आत्या म्हणाली, “बाई, आता खातं निल झालं. डोक्यावरचं ओझं उतरलं.”

दीड लाख आले कुठून? आत्याची पोत आणि कानातलं विकून सत्तर हजार, भिशीचे तीस हजार, आणि उरलेले पन्नास हजार ओळखीतल्या एका माणसाकडून, शेकडा पाचने. म्हणजे महिन्याला अडीच हजार नुसतं व्याज. चौदा महिने ते भरलं, पस्तीस हजार गेले, मग मुद्दल फेडली.

२०२४ मध्ये आतेबहीण बँकेच्या परीक्षेत पास झाली. कागदपत्रांच्या पडताळणीत तिच्या पतअहवालात त्या शैक्षणिक कर्जापुढे एक शब्द निघाला, ‘सेटल्ड’. ‘क्लोज्ड’ नव्हे. नोकरी देणाऱ्या बँकेने जुन्या बँकेचा ‘थकबाकी नाही’ असा दाखला मागितला. जुनी बँक म्हणाली, तुम्ही पूर्ण कर्ज फेडलेलंच नाही, आम्ही सूट दिली होती. दाखला हवा असेल तर सोडलेली रक्कम भरा. नव्वद हजार! नातेवाइकांकडून हातउसने घेऊन ते भरले, दाखला मिळाला, ती रुजू झाली.

आता हिशेब मांडा. दीड लाख, अधिक पस्तीस हजार, अधिक नव्वद हजार. एकूण २ लाख ७५ हजार. २ लाख ४० हजारांचं कर्ज ‘कमी’ करून घ्यायला या घराने पस्तीस हजार जास्त मोजले आणि आत्याचा गळा रिकामा झाला तो वेगळाच. तिला उसने देणारे नातेवाईक नसते तर?

हे एखाद्याच घराचं दुर्दैव समजू नका. स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिराती नीट वाचा. कर्जाची किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी ज्याने नियुक्तीपत्र मिळेपर्यंत फेडलेली नाही, तो उमेदवार नियुक्तीला पात्र नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. फेडली असेल पण नोंद सुधारली नसेल, तर नोंद सुधारून आणा किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेचा दाखला आणा. आयबीपीएसमार्फत होणाऱ्या भरतीतही पतअहवालाबाबत अट असते. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात, पतअहवाल प्रतिकूल म्हणून उमेदवाराची नियुक्ती रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय योग्य ठरवला. आरक्षणाने उघडलेलं दार पतअहवालाच्या एका शब्दाने बंद होऊ शकतं. आपली किती पोरं बँकेच्या परीक्षांची तयारी करतात ते अभ्यासिकांमध्ये जाऊन बघा, आणि त्यातल्या किती जणांच्या नावावर शैक्षणिक कर्ज आहे तेही विचारा.

एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना आम्हाला ग्रामीण कर्जबाजारीपणा अभ्यासाला होता. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, दंगे पसरले, आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्याने न्यायालयाला एक अधिकार दिला, खतावर लिहिलेला आकडा तसाच न मानता मूळ व्यवहार तपासायचा. मुद्दल किती, व्याज किती, फिटलं किती? आणि मग हप्ते बांधून द्यायचे. पुस्तकात पुढचं वाक्य असायचं की सावकाराच्या जागी बँक आली आणि सुटका झाली. माझा अनुभव असा की सेटलमेंटच्या टेबलावर आज हा साधा प्रश्नसुद्धा कुणी विचारत नाही. समोरचा आकडा सांगतो, आपण तो कमी करून मागतो, आणि घासाघिशीत जिंकल्याच्या आनंदात सही करतो.

हप्ता लहान करून घेण्याचंही तसंच. समजा १ लाख बाकी आहे, व्याज वर्षाला २४ टक्के, मुदत २४ महिने. हप्ता येतो सुमारे ५,२८७ रुपये. झेपत नाही म्हणून मुदत ६० महिने करून घेतली. हप्ता झाला २,८७७. दरमहा २,४१० रुपयांचा दिलासा, हे खरं. पण पहिल्या हिशेबाने एकूण परतफेड १ लाख २७ हजारांच्या आत होते, दुसऱ्याने १ लाख ७२ हजार ६०० च्या वर जाते. म्हणजे श्वास घ्यायला मिळाला त्याची किंमत पंचेचाळीस हजारांपेक्षा जास्त. कधी कधी ती मोजावीच लागते, पोरं उपाशी ठेवून हप्ता भरा असं मी कुणाला सांगणार नाही. पण मोजतोय हे माहीत असायला हवं. ‘हप्ता किती?’ हा आपला एकच प्रश्न असतो. ‘शेवटपर्यंत एकूण किती?’ हा दुसरा प्रश्न विचारायची सवय आपल्याला कुणी लावलीच नाही.

मधल्या दलालांची गोष्ट आणखी वेगळी. मोबाईलवर जाहिराती येतात, ‘तुमचं कर्ज अर्ध्यात मिटवून देतो.’ कुणी दरमहा फी घेतं, कुणी वाचलेल्या रकमेवर टक्के. समजा १ लाख २० हजारांचं कर्ज साठ हजारांत मिटलं आणि दलालाचे १५ टक्के ठरलेत. नऊ हजार त्याचे, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,६२० रुपये. त्यातले काही जण आधी हप्ते बंद करायला सांगतात, कारण खातं थकल्याशिवाय बँक सूट देत नाही. त्या महिन्यांचा दंड, वसुलीवाल्यांचे फोन आणि बिघडलेली नोंद मात्र कर्जदाराची. आणि एकरकमी पैसा उभा करायला पुन्हा शेकडा पाच! शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही विनातारण बिगरशेती कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. म्हणजे औपचारिक कर्ज मिटवायला आपण बेकायदा कर्जात उतरतो.

सहीलाही किंमत असते. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत करावा लागतो. पण ती मुदत चालू असताना तुम्ही ‘एवढं देणं आहे’ असं लिहून दिलंत, किंवा काही रक्कम भरून तशी नोंद झाली, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. मुदत उलटून गेल्यावरही सही करून लेखी वचन दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५(३) खाली ते वचन बांधील ठरतं. लोक अदालतीत फी लागत नाही, प्रलंबित दावा मिटला तर कोर्ट फी परत मिळते, हे चांगलंच आहे. पण तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. तडजोडीत ‘एक हप्ता चुकला तर सूट रद्द, पूर्ण रक्कम देय’ असं कलम घातलेलं असतं, आणि आपल्या रोजंदारीच्या आयुष्यात एखादा हप्ता चुकतोच. म्हणून ते कलम आधी वाचा, त्यात सवलतीचे दोन महिने मागून घ्या, आणि मगच सही करा.

आता दुसऱ्या बाजूला बघू. पैठण रोडवर चितेगाव आहे. तिथल्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यावर आपल्या भागातले कित्येक संसार उभे होते. ती कंपनी दिवाळखोरीत गेली. समूहातल्या १३ कंपन्यांवर मान्य झालेले दावे सुमारे ६४,८३८ कोटींचे होते. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने वेदांत समूहातल्या कंपनीची योजना मंजूर केली, २,९६२ कोटींची. शंभर रुपयांच्या देण्यापोटी साडेचार रुपये! खरेदीदार जवळजवळ काहीच देत नाही, असा शेरा खुद्द न्यायाधिकरणाने मारला होता. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द करून प्रकरण कर्जदात्यांच्या समितीकडे परत पाठवलं. पण बँकांच्या समितीने एकदा तरी त्या साडेचार रुपयांना होकार दिला होता, हे विसरू नका. त्याच दराने माझ्या आतेबहिणीचं कर्ज मिटलं असतं तर तिला सुमारे अकरा हजार भरावे लागले असते. हे घडलं तेही २०२१ सालीच.

मोठ्यांचं देणं सोडलं की त्याला ‘निराकरण’ म्हणतात, ‘हेअरकट’ म्हणतात. लहानांचं सोडलं की त्याच्या नावापुढे ‘सेटल्ड’ असा डाग बसतो. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तडजोडीच्या सेटलमेंटची चौकट जाहीर केली. तिच्यात हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांशीही, फौजदारी कारवाईला बाधा न आणता, तडजोड करायला बँकांना मोकळीक दिली. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी तेव्हा त्याला विरोध केला होता.

याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. ज्या दिवाळखोरी संहितेखाली या कंपन्यांचं निराकरण होतं, त्याच २०१६ च्या संहितेत गरिबांसाठी एक प्रकरण आहे. त्याचं नाव ‘नवी सुरुवात’. ज्याचं वार्षिक उत्पन्न साठ हजारांपेक्षा जास्त नाही, मालमत्ता वीस हजारांपेक्षा जास्त नाही, स्वतःचं घर नाही आणि त्यात बसणारं कर्ज पस्तीस हजारांच्या आत आहे, त्याला अर्ज करता येईल. १८० दिवस वसुली थांबेल आणि शेवटी ते कर्ज माफ होईल. संसदेने हे मंजूर केलं. पण डिसेंबर २०१९ मध्ये व्यक्तींविषयीचा भाग लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच. म्हणजे मालकवर्गापुरता. बाकीच्या माणसांसाठी आजही १९२० चा इंग्रजी अमदानीतला प्रांतिक नादारी कायदा आहे, जिल्हा न्यायालयातला, वकिलाची फी मागणारा. आणि नादार ठरून त्यातून मुक्तता मिळाली नाही तर संविधानाच्या कलम १०२ आणि १९१ खाली खासदारकी-आमदारकीलाही माणूस अपात्र ठरतो. गरिबाला कर्जातून बाहेर पडण्याचं दार कायद्याच्या पुस्तकात आहे, पण त्याला अजून कुलूप आहे.

इंग्लंडमध्ये अल्प उत्पन्नाच्या माणसासाठी कर्जमुक्ती आदेशाची सोय आहे. त्याला ९० पौंड फी होती. ती भरायलाही लोकांकडे पैसे नाहीत, हे ओळखून एप्रिल २०२४ मध्ये ती रद्द केली. कर्जातून सुटण्याचीही फी असते आणि ती गरिबालाच जड जाते, एवढं तरी तिथे मान्य झालं.

‘घेतलं तर फेडायलाच पाहिजे,’ असं आपल्यातलेच काही जण म्हणतील. माझी त्याला हरकत नाही. आपली माणसं फेडतातच, पोत विकून फेडतात. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यात अनण-सुख, म्हणजे ऋण नसण्याचं सुख, हे एक आहे. अंगुत्तर निकायातल्या इण सुत्तात तर साखळीच मांडली आहे. दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, मग तगादा, पाठलाग आणि शेवटी बंधन. मला त्या साखळीत महत्त्वाचं वाटतं ते तिचं टोक कुठून सुरू होतं ते. ती दारिद्र्यापासून सुरू होते, कर्जदाराच्या खोटेपणापासून नाही. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच मानलं. ऐपतच नाही म्हणून देणं थकलं, तर तेवढ्यावरून माणसाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, ते कलम २१ च्या विरोधात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० तर कर्जदाराची स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारं जप्तीतून वगळतं. वसुलीवाला दारात ओरडतो तेव्हा हे आपल्या बायकांना माहीत नसतं, म्हणून त्या घाबरून मिळेल त्या अटीवर सही करतात.

सेटलमेंट करूच नका, असं मी म्हणत नाही. कमावता माणूस गेला, आजारपण आलं, पुढे कर्जाची किंवा बँकेच्या नोकरीची गरजच नाही, अशा घराला ते योग्यही ठरतं. पण जिच्या नावावर कर्ज आहे ती मुलगी स्पर्धा परीक्षा देणार असेल, तर तिच्यासाठी सुटीपेक्षा नोंद महाग आहे. सही करण्याआधी लेखी मागा: एकूण भरायची रक्कम किती, मुद्दल-व्याज-दंड वेगळे किती, हप्ता चुकला तर काय, आणि पतअहवालात कोणता शब्द जाणार. दंडाचा आकडा खास तपासा. १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांवर दंड मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. सूक्ष्म कर्ज असेल तर सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला येता येत नाही. पतअहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायला एक पैसा लागत नाही. आणि हे सगळं करायला दलाल लागत नाही.

कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे. जयंतीला वर्गणी जमवणारी, दानपेटीचा पै-पैचा हिशेब विहाराच्या भिंतीवर लावणारी पोरं प्रत्येक वस्तीत आहेत. त्यातल्या दोघा-तिघांनी महिन्यातल्या एका रविवारी विहारात कर्जाच्या कागदांचं टेबल लावावं. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. आपल्याला निदान हप्त्याचं कोष्टक वाचता यायला हवं. आणि खासदार-आमदार मतं मागायला येतील तेव्हा मंडपाच्या देणगीबरोबर एक लेखी मागणी पुढे करा: ‘नवी सुरुवात’ प्रकरण लागू करा, त्याच्या साठ आणि पस्तीस हजारांच्या मर्यादा आजच्या महागाईप्रमाणे वाढवा, आणि शैक्षणिक कर्जात तडजोड झालेल्या विद्यार्थ्याला त्या नोंदीवरून नोकरी नाकारू नका. मालकांच्या हमीदारांना जे २०१९ मध्ये मिळालं, ते कामगाराच्या लेकीला का नको, याचं उत्तर त्यांच्याकडून लेखी घ्या.

जयभीम!